मिटलेलें दार, उघडी खिडकी

एकांत आणि करुणा हीं एकत्र नांदतात काय? वरकरणी हा विरोध वाटतो. इंग्लंडांतील नॉर्विच नगरीची साध्वी ज्युलियन हिच्या चरित्रांत मात्र त्यांचा मेळ दिसतो.

इ. स. १३७३ च्या मे महिन्यांत, वयाच्या ३१ व्या वर्षीं, ती मरणोन्मुख असतां तिला ख्रिस्ताच्या दुःखसहनाचीं दर्शनें झालीं. पुढें तिनें देवालयास लागून असलेल्या कोठडींत आजन्म एकांतवास पत्करिला. अशा कोठडीची एक खिडकी देवालयाकडे व दुसरी बाहेर लोकांकडे उघडत असे. सुमारें १४१३ सालीं मार्जरी केंप नांवाची व्याकुळ स्त्री तिजकडे सल्ल्यास आली, व पुष्कळ दिवस संभाषण करून धीर घेऊन गेली.

जगांत पाप व दुःख असतां ईश्वर प्रेमरूप कसा, हा प्रश्न ज्युलियननें आपल्या ग्रंथांत टाळिला नाहीं. पूर्ण उकल न होतांही तिनें दुःख नाकारिलें नाहीं, आणि ईश्वराच्या प्रेमावरील श्रद्धाही सोडिली नाहीं. असें दोन्ही उराशीं धरणारें मनच दुसऱ्याची व्यथा, उपदेशाची घाई न करितां, ऐकूं शकतें.

विद्यार्थ्यांनो, प्रार्थनेकरितां दार अवश्य लावावें. मात्र शेजाऱ्याची हाक ऐकूं येईल इतकी खिडकी उघडी असावी.