जुनी फायबर बोट घेताय? आधी वजनकाट्यावर न्या

बावीस फुटी जुनी फायबर बोट किनाऱ्यावर उलटी पडलेली आहे, मालक स्वस्तात द्यायला तयार आहे आणि ‘दहा-पंधरा हजारांचं काम आहे, वरून एक हात मारला की झालं,’ असं सांगतोय. पैसे देण्यापूर्वी एक दुपार तपासणीला द्या.

पान्याच्या मागच्या बाजूने तळावर, कडांवर आणि मागच्या फळीवर ठोकत जा. आवाज टणक आला तर ठीक. भदभद आला तर तिथे थर सुटले आहेत किंवा आतलं लाकूड कुजलं आहे. मागची फळी, म्हणजे इंजिन टांगतात ती, बाहेरून फायबर दिसते. आत बहुधा प्लायवूड असतं. आतल्या बाजूने, अगदी खाली, पाच मिलिमीटरचं एक भोक पाडायची परवानगी मागा. भुसा कोरडा आणि फिकट निघाला तर बरं. काळपट, ओला निघाला तर फळी नवी करायचीच, असं धरा. भोक पाडू देत नसेल तर किंमतही त्याच हिशेबाने सांगा. ताजा रंग मारलेली बोट असेल तर संशय दुप्पट ठेवा, कारण पाण्याखाली गाडीची पुटी भरून वर रंग फासलेला असू शकतो. ती पुटी पाणी पिते आणि फुगून सुटते.

ज्या बोटीत फळ्यांखाली फोम भरलेला आहे, ती वजनकाट्यावर न्याच. आधी भरलेली ट्रॉली, मग रिकामी. मूळ वजन बनवणाऱ्याकडून कळलं तर उत्तम. नाहीतर त्याच मापाची दुसरी बोट तोलून बघा. शंभर-दीडशे किलोचा फरक निघाला तर फोमने पाणी धरलं आहे. तो फोम उन्हात वाळत नाही, खरवडूनच काढावा लागतो. म्हणजे आतली सगळी जमीन कापायची. अशी बोट फुकट मिळाली तरी महाग पडते.

आता खर्च. खालचे दर हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे तीन दुकानांतून विचारून त्यात घाला. तळाची चार चौरस मीटर दुरुस्ती आणि नवी मागची फळी, एवढं काम समजा. ४५० ग्रॅमच्या काचतंतूंच्या मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन लागतं, म्हणजे एका चौरस मीटरच्या एका थराला साधारण एक किलो. तळाला तीन थर, फळीचं काम आणि थोडी नासधूस धरून २५ किलो रेझिन आणि १० किलो मॅट पुरते. रेझिन २०० रुपये आणि मॅट १८० रुपये किलो धरली तर ६,८०० रुपये. दुकानदार दर सांगतो तो बहुतेक वेळा जीएसटी सोडून. १८ टक्के चढवले की ८,००० झाले. १८ मिलिमीटरचं आठ बाय चार प्लाय एक, ५,०००. बाहेरून जेलकोट १० किलो, ३,५००. हार्डनर, ॲसिटोन, ब्रश, रोलर, ग्राइंडरच्या चकत्या, मास्क, बोल्ट आणि सीलंट हे सगळं ‘किरकोळ’ ७,०००. कारागीर १,२०० आणि मदतनीस ७०० रुपये हजेरीने, दहा दिवस: १९,०००. बोट नेणं-आणणं आणि चढवायला क्रेन, ८,०००. बेरीज ५०,५००. रेझिन-मॅट त्यात सहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. तेव्हा तिथे शे-दोनशे वाचवू नका. घासाघीस करायची तर हजेरीत आणि वाहतुकीत करा. वरून २५ टक्के हाताशी ठेवा, कारण ग्राइंडर लावल्यावर चीर दिसते त्याहून नेहमी मोठी निघते.

इंजिन या हिशेबात नाही. जुनं घेणार असाल तर बिल आणि इंजिन नंबर जुळवा. बिल नसलेलं इंजिन नोंदणीवर चढवताना अडकतं.

फसवणूक होते ती प्लायमध्ये. ‘मरीन आहे’ असं तोंडी सांगतात. शिक्का बघा: आयएस ७१० हवा. आयएस ३०३ म्हणजे साधं जलरोधक, स्वयंपाकघराच्या कपाटाचं. बोल्ट ३१६ स्टीलचे मागा. ३०४ चे खाऱ्या पाण्यात डाग धरून गळतात. सिलिकॉन लावू देऊ नका, त्यावर पुढे रंगही बसत नाही आणि जेलकोटही नाही. पॉलियुरेथेन सीलंट घ्या.

कोबाल्ट हा प्रवेगक आधीच मिसळलेलं रेझिन विकत घ्या. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत पडले तर भडका किंवा स्फोट होतो, आणि दोन्ही बाटल्या एकाच पेटीत ठेवणारे कारागीर आहेत. हार्डनर किलोला १० ते २० ग्रॅम. एप्रिलच्या उन्हात १० पुरे. एका वेळी एकच किलो कालवा. कुणी इपॉक्सी सुचवलं तर विचारा की वर काय लावणार. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरवर धरतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट धरत नाही. शिवाय साध्या मॅटमधला बाइंडर इपॉक्सीत विरघळत नाही, इपॉक्सीला विणलेलं कापड लागतं.

चीर नुसती भरायची नसते. कडा उतरत्या घासायच्या, जाडीच्या बारा पट लांबीपर्यंत. पाच मिलिमीटर जाड तळाला सहा सेंटिमीटर, चारी बाजूंनी. हे घासकाम टाळायलाच ‘वरून एक हात’ निघालेला असतो. ठरवतानाच लिहून घ्या: किती घासणार, किती थर, मॅट कोणती. जेलकोटच्या शेवटच्या हातात मेणाचं द्रावण टाकायला सांगा, नाहीतर तो चिकटच राहतो.

वेळ कोणती? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोट वर असते, म्हणून सगळ्यांना तेव्हाच दुरुस्ती सुचते. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की थर नीट धरत नाहीत, आणि कोकणात पावसाळ्यात ती तिथेच असते. बोट शाकारायची वेळ येण्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये काम उरका. सकाळी दव उडाल्यावर, सावलीत. उघडलेलं लाकूडकाम वाळायला दोन-तीन आठवडे वेगळे धरा.

कागद पैशाआधी. आयएनडी-एमएचने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बोटीवर आणि प्रमाणपत्रावर एकच आहे का, मालकाचं नाव तेच आहे का, मच्छीमार संस्थेचा किंवा बँकेचा बोजा आहे का, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे तपासा. जिल्ह्याचं सहायक आयुक्त कार्यालय अलिबाग, रत्नागिरी, मालवण अशा ठिकाणी असतं. नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, खरेदीखत, आधार, संस्थेचा ना-हरकत दाखला आणि इंजिनाचं बिल यांच्या दोन-दोन प्रती न्या. इंजिनाची ताकद किंवा बोटीची लांबी बदलली तर नोंदणीतही बदल करावा लागतो. रंग घेण्याआधी ठरलेली रंगसंगती विचारा, दोनदा रंगवायला लागू नये म्हणून. पारंपरिक मच्छीमार असाल तर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत नव्या बोटीसाठी सध्या अर्ज घेतात का, हेही त्याच खेपेत विचारा. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के होतं. ते मिळणार असेल तर जुनीचा हिशेब पुन्हा मांडा.

कारागिराला पैसे तीन टप्प्यांत द्या: घासकाम बघून, थर बसल्यावर आणि बोट पाण्यात एक रात्र राहिल्यावर. सकाळी तळाशी पाणी दिसलं तर शेवटचा हप्ता तुमच्याकडेच राहू द्या.