पोटातली गोळी समुद्रात कशी पोचते?

प्रश्न : आपण घेतलेली औषधं शेवटी समुद्रात जातात, असं माझी मुलगी सांगत होती. हे खरं आहे का? आणि तसं असेल, तर प्रत्येक देशाच्या किनाऱ्याला तिथल्या लोकांची औषधं सापडायला हवीत, नाही का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : मुलगी बरोबर सांगते, आणि तुमची शंका तर तिच्याही पुढची आहे.

मधुमेहाचं मेटफॉर्मिन घ्या. शरीर त्याला हात लावत नाही. रक्तात गेलेलं औषध लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. पुढे गटार, मग सांडपाणी केंद्र. ही केंद्रं उभारली ती मैला आणि जंतूंसाठी. औषधांचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. तरी मेटफॉर्मिनचा बराच भाग तिथले जीवाणू बदलून टाकतात. फिट्सवरचं कार्बामाझेपिन मात्र आलं तसंच पुढे जातं.

याचा नीट मांडलेला हिशोब पाहायचा तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राकडे जावं लागतं. चारही बाजूंनी जमीन, बाहेर पडायला डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुन्या. तिथलं पाणी पुरतं बदलायला तीसेक वर्षं लागतात, आणि साडेआठ कोटी लोकांचं पाणी तिकडे वाहतं. युनेस्को आणि बाल्टिक देशांच्या हेलकॉम या संस्थेने 2017 मध्ये अहवाल काढला. सांडपाणी केंद्रांतून वर्षाला अंदाजे 1,800 टन औषधं या समुद्रात जातात. तपासलेल्या 118 औषधांपैकी 95 टक्क्यांहून जास्त प्रमाणात सांडपाण्यातून निघाली ती फक्त 9. जवळजवळ निम्मी औषधं अर्धीसुद्धा निघाली नाहीत.

आता तुमची शंका. हो, समाज काय गिळतो ते पाण्यात दिसतं. युरोपात गर्भनिरोधक गोळ्यांतलं संप्रेरक पाण्यात शोधतात, कारण त्याच्या कणभर मात्रेनेही नर मासे मादीसारखे होऊ लागतात. आपल्याकडे कुटुंबनियोजनाचा भार बायकांच्या शस्त्रक्रियेवर; 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोळी घेणाऱ्या जेमतेम 5 टक्के. म्हणजे नुसत्या गिळण्यावर गेलं, तर ते संप्रेरक आपल्या पाण्यात कमीच असायला हवं.

पण नुसतं गिळण्यावर हे ठरत नाही. 104 देशांतल्या 258 नद्यांची पाहणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांत जास्त औषधं सापडली ती लाहोरला. बोलिव्हियातलं ला पाझ आणि इथिओपियातलं अदिस अबाबाही वरच्या रांगेत. औषध दुकानात सहज मिळतं, पण गटार थेट नदीला, अशा ठिकाणी हे होणारच. मुंबईतही वरळी आणि वांद्र्याचं सांडपाणी जुजबी प्रक्रियेनंतर नळाने सुमारे 3 किलोमीटर आत समुद्रात सोडत आले आहेत.

आणि भारत औषधं नुसती खात नाही, जगासाठी बनवतो. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला सुमारे 90 औषध कारखान्यांचं पाणी एका केंद्रात येई. प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या त्या पाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक निघालं, हे 2007 मध्ये छापून आलं. ते घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही इतकं नसतं! जंतूंना औषध पचवायला शिकवणारी याहून चांगली शाळा काढता आली नसती.

मग उपाय? ओझोनचा मारा करणारी केंद्रं स्वीडन, स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाली आहेत, खर्च दांडगा. मला जास्त पटतो तो स्टॉकहोमचा मार्ग. तिथली औषध समिती डॉक्टरांसाठी शिफारशीची यादी काढते. दोन औषधं गुणाने सारखी असतील, तर पाण्याला कमी त्रास देणारं वर येतं. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक तिथे नकोशांच्या रांगेत आहे. हो, तेच, ज्याने मेलेल्या गुरांच्या मांसातून आपली गिधाडं संपवली आणि 2006 मध्ये जनावरांसाठी ज्यावर बंदी आली. माणसांचं डायक्लोफेनॅक मात्र आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, आणि पर्यावरणाचा रकाना असलेली यादी आपल्या डॉक्टरांपुढे कुणी ठेवत नाही. ती ठेवायला हवी.

घरी करण्यासारखं एक आहे. गुडघ्याला चोळलेल्या डायक्लोफेनॅक जेलपैकी रक्तात जातं फार तर सहा-सात टक्के. उरलेलं हाताला, कपड्याला आणि अंघोळीच्या पाण्याला. म्हणून जेल लावल्यावर हात लगेच नळाखाली धरू नका. आधी कागदाने पुसा, कागद कचऱ्यात टाका, मग धुवा. अंघोळही जेल लावण्याआधी उरकून घ्या. आणि हे वाचून चालू असलेली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका; डॉक्टरांना विचारा.