साध्या मोबाईलवरही संस्थेचे काम दाखवता येईल का?

प्रश्न : वैतरणा परिसरातील पाड्यांवर आमची छोटी संस्था बालवाड्या चालवते. चित्रफितींवाचून देणगीदार लक्ष देत नाहीत, असे सांगतात. पण चांगल्या कॅमेऱ्याची आमची ऐपत नाही. काय करावे?
— एक कार्यकर्ती, वैतरणा

उत्तर : ताई, भारी कॅमेऱ्यावाचून चित्रफीत होत नाही, हा समज आपण निःशंक मनाने टाकून द्यावा. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येणे जमत नाही, हे ध्यानी घेऊन बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला शाळाच कुरणात नेली. ज्याला सांगावयाचे, त्याच्यापाशी आपण जावे, हेच तत्त्व येथेही लागू पडते. देणगीदार पुष्कळदा लोकलच्या गर्दीत, आवाज बंद ठेवून पाहतो; म्हणून साध्या मोबाईलवर, सकाळच्या उजेडात, मिनिटभराची चित्रफीत घ्यावी व खाली ठळक मराठी ओळी द्याव्यात. चिंचोके मांडून बेरीज करणारी एखादी मुलगी, एवढे एकच दृश्य पुरे. पाड्यावरील पालकांकरिता मात्र, जेथे नेटवर्क क्षीण असते तेथे, वारली बोलीतील छोटी ध्वनिफीत अधिक उपयोगी पडेल.

एक खबरदारी अवश्य घ्यावी. पालकांच्या लेखी संमतीवाचून मुलांचे चित्रण प्रसिद्ध करू नये आणि संमतीपत्रे दप्तरी जपावीत. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही आवश्यक मानली आहे. दैन्याचे प्रदर्शन टाळून मुलांचे कर्तृत्व दाखवावे. खऱ्या कामाचे साधे चित्रही अंतःकरणाला भिडते.