मुलाचं कार्ड, वडिलांचे मैल

प्रश्न गिरगावातून आला आहे. न्यू जर्सीतल्या मुलाकडे तिथल्या विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड आहे, साठलेल्या मैलांवर त्याची तिकिटं निघतात. तर ठाकूरद्वारला बसून वडिलांना तेच कार्ड काढता येईल का?

अर्ज भरायला घेतला की पहिली ठेच लागते ती ९ आकडी चौकटीत. तिथे सोशल सिक्युरिटी नंबर हवा. वाचकाने पॅन टाकून पाहिला. तो १० अक्षरांचा, मावणार कसा? त्याऐवजी आयटिन हा तिथला करदाता क्रमांक चालवून घेणाऱ्या बँका आहेत, पण पुढे अमेरिकेतला पत्ता लागतो. कार्डावर नाव विमान कंपनीचं असलं तरी उधारी देते बँक, आणि इथला चोख सिबिल स्कोअर तिच्या दफ्तरी नसतोच. अमेरिकन एक्सप्रेस २०१९ पासून नोव्हा क्रेडिटमार्फत भारतातली पत पाहते खरी, पण ती तिकडे राहायला गेलेल्यांची.

‘मुलाचा पत्ता टाका की!’ हा सल्ला नातेवाईक हमखास देतात. तो ऐकू नये. राहण्याचा खोटा पत्ता देणं ही बँकेची फसवणूक आहे.

मुळात मैलांसाठी कार्ड लागतच नाही. विमान कंपन्यांच्या स्कायवर्ड्स किंवा क्रिसफ्लायरसारख्या मैल-योजनांचं सदस्यत्व फुकट मिळतं. कार्डच हवं तर इथल्या बँकांनीही परदेशी कंपन्यांबरोबर ती काढली आहेत: एमिरेट्सबरोबर आयसीआयसीआयने, लुफ्तान्साच्या माइल्स अँड मोअरबरोबर अ‍ॅक्सिसने. परदेशात असं कार्ड घासण्याआधी परकीय चलनावरचा मार्कअप मात्र बघावा. तो ३.५ टक्के असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून लाखाच्या खरेदीमागे ४,१३० रुपये जातात. वार्षिक फी वेगळीच.