सळईचे ठिकाण

काँक्रीटमध्ये लोखंड असले म्हणजे काम पक्के झाले, अशी जी एक समजूत प्रीकास्टच्या कारखान्यांतून मुकादमापासून बिगाऱ्यापर्यंत दृढमूल झालेली आढळते, तिची परंपरा जुनी आहे. जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याने 1867 साली तारेची जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांची सनद घेतली, तेव्हा जाळी जाडीच्या मध्यभागीच असे. लोखंडाचे खरे स्थान जेथे ताण पडतो तेथे, हे 1886 साली मथियास क्योनेन या जर्मन अभियंत्याने गणिताने दाखविले. कुंडीला मध्यभाग चालून जातो. छज्ज्याला चालत नाही.

देखरेखीच्या कामावर असताना जे प्रीकास्ट छज्जे माझ्या पाहण्यात आले, त्यांपैकी एक टेकू काढताच भिंतीच्या कडेशी सरळ रेषेत मोडला. दैवयोगाने खाली कोणी नव्हते. दोष प्रथम सिमेंटच्या माथी मारण्यात आला, मग वाळूच्या. ठोकळ्यांच्या चाचणीचे दाखले निर्दोष निघाले, तेव्हा कोठे मोडलेल्या तोंडाकडे पाहण्याची बुद्धी झाली, आणि नकाशात वरच्या अंगाला दाखविलेल्या सळया तळापासून बोटभर अंतरावर निजलेल्या दिसल्या. छज्जा भिंतीबाहेर अधांतरी असल्यामुळे ताण त्याच्या वरच्या अंगास पडतो, आणि ताण सोसण्याची काँक्रीटची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या सुमारे एकदशांशच. तेव्हा तळाशी गेलेल्या सळईचे असणे नसण्यासारखेच. फिटरने ती वरच बांधली होती. माल ओतणारे तिच्यावर उभे राहिले, आणि खाली आधाराला खुर्च्या नव्हत्या.

म्हणून या कामावर नव्याने येणाऱ्यास माझे सांगणे असे, की बांधणी तपासून सही केली म्हणजे आपली जबाबदारी संपली असे समजू नये, माल पडत असताना साच्यापाशी उभे राहावे. 100 मिलिमीटर जाडीच्या छज्ज्यात वर 30 मिलिमीटरचे आवरण सोडून 8 मिलिमीटरची सळई बसविली, तर तिच्या मध्यापासून तळापर्यंत 66 मिलिमीटर उरतात. ती 20 मिलिमीटर खचली, की छज्ज्याचे सुमारे तीन-दशांश बळ गेले. भारतीय मानक 456 आवरणात 10 मिलिमीटर वाढ क्षम्य मानते, घट मात्र मानीत नाही. गंजापासून रक्षणाच्या दृष्टीने ते योग्यच, परंतु एवढ्या पातळ अंगात ती क्षम्य वाढही बळाचा जवळजवळ सातवा हिस्सा खाते, हे दप्तरात बसून ध्यानी येत नाही.

जागेवर ओतलेल्या छज्ज्यास नसलेली एक सोय प्रीकास्टला आहे: तो साच्यात पालथा ओतता येतो. मग मुख्य सळया खाली येतात, कव्हर ब्लॉकवर निश्चिंत बसतात, आणि कोणाच्या पायाने खचत नाहीत. या सोयीबरोबर एक जोखीमही येते, ती अशी की साच्यातून निघालेल्या फरशीची वरची बाजू कोणती हे गवंड्यास दिसून कळत नाही. यासाठी साचा सोडण्यापूर्वीच गेरूने नव्हे, पुसला जाणार नाही अशा रंगाने बाण काढावा, आणि ज्या बाजूस तो काढावयाचा ती बाजू नकाशावरून ताडून पाहावी. पालथा आहे तोवर छज्जा टोकांखाली फळ्या देऊन ठेवल्यास बिघडत नाही. सुलटा केल्यावर मात्र त्या आत सरकवाव्यात, अन्यथा जेथे सळई नाही त्याच अंगास ताण पडून भिंतीवर चढण्यापूर्वीच तडा जातो, आणि रंगसफेदी होईपर्यंत तो कोणाच्या नजरेस येत नाही.