जुन्या मोटारीच्या इंजिनाचें निदान

नाडी न पाहतांच औषधाच्या पुड्या बांधूं लागणाऱ्या वैद्यास कोणी शहाणा म्हणणार नाहीं. परंतु जुनी मोटार आचके देऊं लागली म्हणजे आपण नेमकें हेंच करतों. कोणी म्हणतो प्लग बदला, कोणी म्हणतो कार्ब्युरेटर साफ करा, कोणी कॉईलकडे बोट दाखवितो. आणि मालक बिचारा एकामागून एक नवे भाग विकत घेत राहतो. वास्तविक इंजिन कां अडखळतें हें ओळखण्याची एक सुव्यवस्थित रीति आहे, व पदार्थविज्ञानाच्या वर्गांत जें शिकविलें जातें त्याच्या पलीकडचें तींत फारसें कांहीं नाहीं. ती रीति विद्यार्थ्यांस समजावून देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

उदाहरणासाठीं आम्ही प्रीमियर पद्मिनी ही गाडी घेतों. फियाट ११०० या इटालियन गाडीच्या नमुन्यावरून ती मुंबईंतील कुर्ला येथें तयार होत असे. शहराच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती अनेक वर्षें धांवली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ऑक्टोबर २००३ मध्यें झाली, व वीस वर्षांची मुदत भरतांच ऑक्टोबर २०२३ मध्यें टॅक्सी म्हणून तिची कारकीर्द संपली. तथापि हौशी मालकांनीं जतन केलेल्या कित्येक पद्मिनी आजही चालत आहेत. आजच्या गाडींत संगणक असतो व तो दोषाचा क्रमांक सांगतो. पद्मिनींत तसा कोणी सांगणारा नाहीं. तेथें कान, डोळे व विचार यांवरच भिस्त ठेवावी लागते.

प्रथम इंजिनाचें कार्य आठवूं या. पद्मिनीच्या इंजिनास चार सिलिंडर आहेत. प्रत्येकांत शोषण, संपीडन, ज्वलन व उत्सर्जन अशा चार क्रिया क्रमानें होतात, व त्या पुऱ्या होण्यास मुख्य दांड्याचे दोन फेरे लागतात. सिलिंडर पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे. उभ्या गाडीचें इंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर ४०० वेळां, म्हणजे चारही मिळून १६०० वेळां पेटले पाहिजेत. त्यांतील एक जरी निकामी झाला, तरी प्रत्येक चौथा धक्का रिकामा जातो, व सारी गाडी थरथरूं लागते. यासच कारागीर लोक ‘मिसिंग’ म्हणतात.

सिलिंडर पेटण्यास तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि योग्य क्षणीं सशक्त ठिणगी. इंजिन अडखळण्याचें कारण बहुतेक वेळां या तिहींपैकींच एकांत सांपडतें. म्हणून ‘कोणता भाग बदलूं?’ हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न असा कीं, दोष एका सिलिंडरांत आहे कीं चारहींत? आणि दुसरा असा कीं, तो ठिणगीचा आहे, मिश्रणाचा आहे, कीं दाबाचा?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर बरेचसें कानानें मिळतें. इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या बाजूस उभें राहावें. रिकामा ठोका ठराविक तालावर येत असेल, तर दोष बहुधा एखाद्याच सिलिंडरांत आहे. तो केव्हांही, कसाही येत असेल, तर चारही सिलिंडरांस जें समाईक आहे तेथें, म्हणजे कॉईल, पॉइंट, कंडेन्सर किंवा कार्ब्युरेटर यांकडे, संशयाची दृष्टि वळवावी.

आजारी सिलिंडर कोणता हें ठरविण्याचा उपाय सोपा आहे. इंजिन बंद करावें. एका प्लगची तार काढून तिच्या टोकास एक जादा प्लग बसवावा, व तो इंजिनाच्या धातूच्या अंगाशी पक्का बांधावा, म्हणजे विजेस परतीची वाट मिळते. मग इंजिन सुरू करून ऐकावें. थरथर वाढली, तर तो सिलिंडर आपलें काम करीत होता असें समजावें. कांहींच फरक पडला नाहीं, तर आळशी मजूर तोच! चालत्या इंजिनाची तार हातानें ओढण्याचें धाडस कोणीही करूं नये. कॉईलमधून निघणारा दाब हजारों व्होल्टांचा असतो. जवळपास पेट्रोल उघडें नसावें. तसेंच बंद खोलींत इंजिन चालवूं नये, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंगही नाहीं व वासही नाहीं, आणि तो माणसाचा प्राण घेतो.

सिलिंडर ठरल्यावर त्याचा प्लग काढून शेजारच्या निरोगी सिलिंडरांत घालावा व तेथील प्लग येथें आणावा. आजार प्लगबरोबर दुसरीकडे गेला, तर अपराधी प्लगच. तो जागचा हलला नाहीं, तर प्लग निर्दोष ठरला. पुढें तारेची परीक्षा याच रीतीनें घ्यावी. येथें एक नियम कधींही मोडूं नये: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन सुधारलें, तर गुण कोणत्या औषधाचा हें कळत नाहीं.

काढलेल्या प्लगचें तोंड नीट पाहावें, कारण आंतील हकीकत तें स्पष्ट सांगतें. फिकट तपकिरी किंवा राखी रंग हें आरोग्याचें लक्षण होय. कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोल प्रमाणाबाहेर येत आहे. काळा व तेलकट थर असल्यास आंत ऑईल जळत आहे. पांढरें, भाजल्यासारखें तोंड असल्यास हवा अधिक व पेट्रोल कमी, किंवा उष्णता फाजील आहे. आणि प्लग पेट्रोलनें ओला असेल, तर पेट्रोल येऊनही पेटलें नाहीं, असा अर्थ होतो.

ठिणगी चांगली, मिश्रणही ठीक, तरी सिलिंडर निकामी, असें झाल्यास दाब मोजावा. चारही प्लग काढावे, कॉईलची जोडणी सोडावी, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरनें इंजिन फिरवावें, व प्रत्येक सिलिंडरावर दाबमापक लावून आंकडे लिहून घ्यावे. कमी दाबाच्या सिलिंडरांत चमचाभर ऑईल घालून पुन्हां मोजावें. दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑईलनें त्यांची फट तात्पुरती बुजविली. वाढला नाहीं, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीं किंवा हेड गॅस्केट गळत आहे.

या परीक्षेची किंमत किती आहे, हें एका प्रसंगावरून आमच्या चांगलें ध्यानांत आलें. २०१८ सालीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील पद्मिनी टॅक्सी चालवीत असत. गाडी चढावर दम टाकूं लागली. एका मिस्त्रीनें प्लग व तारा बदलल्या, दुसऱ्यानें कॉईल बदलली, तिसऱ्यानें कार्ब्युरेटर खोलला. तीन आठवड्यांची कमाई गेली आणि दोष होता तेथेंच राहिला. शेवटीं इंजिनच टाकाऊ झालें असें त्यांस सांगण्यांत आलें. तेव्हां त्या मुलानें उसना दाबमापक आणला व एका रविवारीं आम्हीं सर्वांनीं मिळून आंकडे घेतले. पहिल्या व चौथ्या सिलिंडरांत कांटा चौरस इंचास सव्वाशे पौंडांच्या घरांत गेला. दुसऱ्या व तिसऱ्यांत साठापर्यंतही चढेना. ऑईल घातल्यानें फरक पडला नाहीं. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत सारखाच दाब कमी, याचा अर्थ त्यांच्यामधील गॅस्केट जळून एकाचा दाब दुसऱ्यांत पळत होता. हेड उतरवितांच तें जळलेलें ठिकाण दिसलें. हेड सपाट असल्याची खात्री करून नवें गॅस्केट बसविलें, आणि बुधवारीं टॅक्सी पुन्हां भाड्यास लागली.

आतां अनियमित ठोक्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. अशा वेळीं डिस्ट्रिब्युटरचें झाकण उघडून पाहावें. त्यास बारीक तडा गेला असल्यास पावसाळ्याच्या ओलीनें वीज भलत्याच वाटेनें जाते. अंधारांत पाहिल्यास ती ठिणगी डोळ्यांसही दिसते. पॉइंट जळून खडबडीत झाले असल्यास बहुधा कंडेन्सर दोषी असतो. पॉइंटांमधील अंतर गाडीच्या पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें फीलर गेजनें जुळवावें. नुसत्या नजरेवर विसंबूं नये. कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील सांध्यांतून हवा आंत शिरत असेल, तर रबरी नळीचें एक टोक कानाशी व दुसरें सांध्याजवळ धरल्यास सूं-सूं असा आवाज ऐकूं येतो. हल्लीं पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉल पाणी शोषून घेतें, व जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा यांस तें मानवत नाहीं; यास्तव जुन्या गाडीच्या मालकानें हे भाग वरचेवर तपासावे.

आजार केव्हां होतो, यावरूनही पुष्कळ कळतें. उभ्या गाडींत थरथर व वेगांत शांतता, असें असल्यास बाहेरील हवेची गळती किंवा मंद गतीची जेट तुंबलेली असण्याचा संभव आहे. सपाटीवर ठीक, पण घाटांत आचके, असें असल्यास ठिणगी दुबळी आहे किंवा पेट्रोल अपुरें पडत आहे. याचें कारण असें कीं, चढावर सिलिंडरांत अधिक मिश्रण भरतें, दाब वाढतो, आणि दाटलेल्या वायूंतून ठिणगी पाडण्यास अधिक व्होल्ट लागतात. थंडपणीं उत्तम, तापल्यावर खराब, असें असल्यास कॉईल व कंडेन्सर यांची परीक्षा इंजिन गरम असतांनाच घ्यावी.

विद्यार्थीमित्रहो, या सर्व क्रमांत अवघड असें कांहीं नाहीं. अवघड आहे तें धीर धरणें. परीक्षेवांचून केलेली दुरुस्ती म्हणजे दुसऱ्याच्या पैशानें खेळलेला जुगार होय, आणि तो पैसा पुष्कळदां हातावर पोट असणाऱ्याचा असतो. म्हणून पान्यास हात घालण्यापूर्वीं वही उघडावी. काय ऐकलें, काय मोजलें, काय बदललें व त्यानें काय झालें, हें तींत क्रमानें लिहावें. एवढें केल्यावर जो भाग विकत घ्यावा लागेल तो बहुतेक एकच असेल, आणि तो कां घेतला हें मालकास पटवून देतां येईल.