विनामूल्य वैद्यसेवा : सेवा कोणती आणि वेठ कोणती?

वैद्यक हा सेवाधर्म आहे, हे वाक्य आपण सर्वांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापासून ऐकलेले आहे आणि त्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. मात्र अलीकडे हे वाक्य वैद्यांच्या मुखापेक्षा वैद्यांना राबवून घेणाऱ्यांच्या मुखी अधिक आढळते. आरोग्य शिबिर असो, मंडळाचे व्याख्यान असो, वृत्तपत्रातील सदर असो, वा औषधी दुकानात सायंकाळी दोन तास बसणे असो, निमंत्रणाची भाषा ठरलेली असते : "वैद्यराज, मानधन काही देता येणार नाही, परंतु आपले नाव होईल." या एका वाक्यात किती प्रश्न दडलेले आहेत, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक अनुभव

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी, चैत्र महिन्यात, एका तालुक्याच्या गावी एका औषधी कंपनीने भरविलेल्या विनामूल्य शिबिरास आम्ही गेलो होतो. सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात १२० रुग्ण तपासले. २४० मिनिटांत १२० रुग्ण, म्हणजे प्रत्येकी दोन मिनिटे. मंडपवाल्यास, ध्वनिक्षेपकवाल्यास आणि अल्पोपाहार पुरविणाऱ्यास त्यांचे पैसे मिळाले, आणि ते मिळणे योग्यच होते. आम्हांस शाल व श्रीफळ मिळाले. रुग्णपत्रिका कंपनीने छापून आणल्या होत्या. त्यांवर कंपनीच्याच औषधांची नावे होती व आम्ही केवळ खूण करावयाची होती. आम्ही खुणा केल्या.

तीन आठवड्यांनी त्या गावची एक वृद्ध स्त्री आमच्या चिकित्सालयात आली. अंगावर लाल चकंदळे, दाह आणि कंडू. सांधेदुखीसाठी तिला जे औषध दिले गेले, त्यात भल्लातक होता. प्रकृती पित्तप्रधान, ऋतू उष्ण आणि पथ्याविषयी कोणी एक शब्द सांगितलेला नव्हता. पिशवीतून पत्रिका काढून ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ही खूण तुम्हीच केलीत ना?" औषध थांबविल्यावर ती बरी झाली. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर कंपनीने द्यावयाचे नव्हते, ते आम्हीच द्यावयाचे होते. शिबिरात आमचे नाव झाले होते ते अशा रीतीने.

शास्त्र काय सांगते?

विनामूल्य चिकित्सेचा विषय निघाला की चरकसंहितेतील रसायनाध्यायाचा दाखला दिला जातो. चिकित्सेचा बाजार मांडणारा वैद्य सोन्याची रास टाकून धुळीची रास पदरात घेतो, असा त्या वचनाचा आशय आहे. दाखला खरा आहे. मात्र त्याच प्रकरणात चरकाचार्यांनी असेही सांगितले आहे की, चिकित्सा घेऊन जो मनुष्य वैद्याची परतफेड करीत नाही, मग त्याने तसे वचन दिलेले असो वा नसो, त्यास निष्कृती नाही. या दोन विधानांत विरोध नाही. लोभ धरू नये हा देणाऱ्याचा धर्म, आणि ऋण ठेवू नये हा घेणाऱ्याचा धर्म. आजचे आयोजक पहिले वचन वैद्यास ऐकवितात आणि दुसरे, जे त्यांना स्वतःला लागू पडते, ते विसरतात.

सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायात प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा अशा तीन एषणा सांगितल्या आहेत. धनैषणेचे स्थान दुसरे, परलोकैषणेच्या आधीचे आहे. साधनावाचून दीर्घायुष्य काढणे यापरते पाप नाही, अशी तेथील भूमिका आहे. उपजीविकेचा विचार करणारा वैद्य शास्त्रबाह्य वागतो असे म्हणण्यास त्यामुळे काहीच आधार उरत नाही.

तर मग विनामूल्य चिकित्सा कोणाची करावी? याचे उत्तर सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात नावनिशीवार दिले आहे. द्विज, गुरू, दरिद्री, मित्र, संन्यासी, शरण आलेला, साधू, अनाथ आणि दुरून आश्रयास आलेला, यांची चिकित्सा आप्तांप्रमाणे, स्वतःच्या औषधांनी करावी. ही यादी वाचकांनी पुन्हा एकदा पाहावी. तीत औषधी कंपनी नाही, दुकानदार नाही, निवडणुकीच्या तोंडावर शिबिर भरविणारा पुढारीही नाही. शिवाय औषध वैद्याने स्वतःचे द्यावयाचे आहे. याचा अर्थ असा की, दान करणारा वैद्य, आणि कोणास दान करावयाचे हे ठरविणाराही तोच. दुसऱ्याने परस्पर आपल्या श्रमाचे दान केले, तर त्यास दान म्हणत नाहीत, वेठ म्हणतात. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे ही म्हण अशाच प्रसंगासाठी आहे.

मोल कोण चुकते करतो?

येथे कोणी म्हणेल की वैद्याचे दोन तास गेले, त्यात एवढे काय बिघडले? आमच्या मते खरा प्रश्न वैद्याच्या दोन तासांचा नाहीच. ज्या श्रमाचे मोल उघडपणे दिले जात नाही, ते आडमार्गाने वसूल होते. दुकानात विनावेतन बसणाऱ्या वैद्याकडून दुकानदाराची अपेक्षा असते की औषधे तेथूनच लिहिली जावीत, आणि थोडी अधिकच लिहिली जावीत. वैद्यासही वाटू लागते की, ज्याने जागा दिली व रुग्ण दिले, त्याचे मन राखले पाहिजे. दोन औषधांच्या जागी चार येतात. पथ्याने जे साधले असते त्यासाठी कल्प लिहिला जातो. तपासणी विनामूल्य असते, पण तिचे मोल रुग्ण औषधाच्या देयकात भरतो आणि त्यास ते कळतही नाही.

दुसरे मोल नवोदित वैद्य भरतात. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासीयता पूर्ण केल्यावर "अनुभव मिळेल" या आश्वासनावर पुन्हा वर्ष-दोन वर्षे बिनपगारी राबणे कोणास परवडते? ज्याच्या घरी वडिलांचे चिकित्सालय किंवा शेतीवाडी आहे त्यास. ज्याच्या वडिलांनी कर्ज काढून शिकविले, तो गुणी असूनही मागे पडतो. गुरुगृही राहून शिकण्याच्या परंपरेचा दाखला येथे लागू पडत नाही, कारण त्या परंपरेत गुरू शिष्यास शिकवीत असत. जेथे केवळ गर्दी उरकून घेतली जाते, तेथे अध्यापन कोणते?

प्रसिद्धी हे नाणे कसे आहे?

मानधनाऐवजी देऊ केलेली प्रसिद्धी हे नाणे तरी खरे आहे काय? शिबिराच्या फलकावर वैद्याचे नाव लहान व कंपनीचे मोठे असते. फुकट तपासणीसाठी आलेला रुग्ण पुढे शुल्क देऊन येईलच असे नाही. अनेकदा तो पुढील फुकट शिबिराची वाट पाहतो.

हे नाणे कधी कधी घातकही ठरते. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मधुमेह, कर्करोग, अपस्मार, मोतीबिंदू आदी अनुसूचित व्याधी बरे करण्याची जाहिरात निषिद्ध आहे, आणि अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणताही भाग घेणे हाही अपराध आहे. "मधुमेह समूळ नष्ट" अशा मजकुराखाली आपले नाव व छायाचित्र छापले गेले, तर ती प्रसिद्धी महागात पडू शकते. मजकूर आधी न पाहता नाव देणाऱ्या प्रत्येकाने याचा विचार करावा.

शुल्क घेतले नाही म्हणून दायित्व संपते, हा समजही चुकीचा आहे. ज्या रुग्णालयात काहींकडून शुल्क घेतले जाते व काहींना विनामूल्य सेवा दिली जाते, तेथील विनामूल्य रुग्णही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. शास्त्राच्या दृष्टीने तर दशविध परीक्षेतून विनामूल्य रुग्णास सूट नाही. भल्लातक, वत्सनाभ, पारद यांसारखी द्रव्ये औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत आहेत. त्यांनी युक्त असलेली औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, असा इशारा वेष्टनावर द्यावा लागतो. शिबिरात औषध वाटून निघून गेलेला वैद्य ती देखरेख कोठून करणार?

निर्णय कसा करावा?

विनामूल्य कार्य करूच नये, असा याचा अर्थ नाही. पूर, साथ, अनाथाश्रम वा दुर्गम पाडा, तेथे वैद्याने मागितल्याविना जावे. आपल्या चिकित्सालयात गरजूंसाठी आठवड्यातील एक सायंकाळ राखून ठेवावी. मात्र निमंत्रण आले असता पुढील प्रश्न स्वतःस विचारावेत.

१. या कार्यातून कोणास द्रव्यलाभ होत आहे? होत असल्यास त्या लाभात श्रमाचा वाटा असलाच पाहिजे.

२. इतरांना पैसे मिळतात काय? मंडपवाल्यास मिळतात आणि वैद्यास नाहीत, तर तेथे सेवा नसून वैद्याच्या संकोचाचा लाभ घेतला जात आहे.

३. औषध निवडण्याचे, आणि प्रसंगी कोणतेही औषध न देण्याचे स्वातंत्र्य आपल्याकडे आहे काय?

४. प्रत्येक रुग्णास पुरेसा वेळ देता येईल काय, आणि नंतर तो आपल्याला कोठे भेटेल?

५. हे कार्य फलकावर नाव नसतानाही आपण केले असते काय? उत्तर होकारार्थी असल्यास ते निःसंकोच करावे, कारण तीच सेवा होय.

औषधनिर्मात्या व औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती अशी की, वैद्यास बोलवायचे झाल्यास मानधन आधी ठरवावे, ते लेखी असावे आणि औषधांच्या विक्रीशी त्याचा काडीमात्र संबंध नसावा. अशाने आपलाही लाभ आहे. ज्या दुकानातील वैद्य "यांना औषधाची गरज नाही" असे मोकळेपणाने सांगू शकतो, त्या दुकानावर गावाचा विश्वास बसतो. ज्येष्ठ वैद्यांनीही हाताखालच्या तरुणांस, अल्प का होईना, नियमित वेतन द्यावे.

सूत्रस्थानाच्या २९ व्या अध्यायात चरकाचार्यांनी छद्मवैद्याची जी लक्षणे वर्णिली आहेत, त्यांत एक मार्मिक लक्षण आहे. कोणी आजारी असल्याचे कानी पडताच तो तेथे धावतो, स्वतःचे गुण मोठ्याने सांगतो आणि आपल्याला फारसे काही नको असे जाहीर करतो. "आम्हांला काही नको" ही घोषणा म्हणजे सद्वैद्याचे लक्षण नव्हे, हे आचार्यांनी तेव्हाच ओळखले होते. उघडपणे योग्य मोल घेणारा आणि गरजूस स्वेच्छेने ते सोडणारा वैद्य रुग्णाच्या डोळ्यास डोळा भिडवू शकतो. त्या वृद्ध स्त्रीसमोर आम्हांस ते जमले नव्हते. शिबिराच्या पत्रिकेवर पुन्हा खूण करण्यापूर्वी तिचा प्रश्न आम्ही आठवतो, आणि आपणही आठवावा, एवढ्याचसाठी हे लिहिले. इत्यलम्।